कुरडया आणि माझा हवामान अंदाज

२ मे, सकाळी
हवामानाचं अ‍ॅप आजपासून बंद. गेल्या आठवड्यात ते 'मेघगर्जनेसह मुसळधार' म्हणालं, म्हणून रेनकोट घालून नगरच्या दिल्ली गेटला गेलो आणि आतल्या आत शिजलो. काल 'निरभ्र' म्हणालं आणि वाळलेल्या चादरी पुन्हा भिजल्या. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, मोसमी वारे मला फोनने सांगायचे? अ‍ॅप डिलीट केलं. (मुलाने, केदारने केलं. मला बटण सापडेना.)

२ मे, दुपारी
रुचा बारा तारखेला जर्मनीला चालली, दोन वर्षांसाठी. लेकीला आईच्या हातच्या कुरडया न्यायच्यात. पंचाईत अशी की गहू चार दिवस आधी भिजत घालावे लागतात. म्हणजे ऊन आज असून उपयोग नाही, कुरडया घालायच्या दिवशी हवं. मी आकाशाकडे बघितलं आणि बायकोला, दमयंतीला म्हटलं, घाल गहू, सहा तारखेला कडक ऊन, जबाबदारी माझी. तिने दोनदा विचारलं, नक्की ना? मी वाऱ्यांच्या दिशा समजावल्या. अर्ध्यातच ती उठून गहू निवडायला बसली. पटलं असणार.

४ मे
पहाटे उठून ढगांचं निरीक्षण करायचं ठरलं होतं. जाग साडेआठला आली. तोवर ढग गेलेले. निष्कर्ष: हवा कोरडी. शेजारच्या जयमालाताई सांगत होत्या, त्यांच्या फोनवर सहाला पाऊस दाखवतोय. त्यांना फोन आणि शास्त्र यातला फरक सांगितला.

५ मे
संध्याकाळी गडगडलं. गडगडणं म्हणजे पडणं नव्हे. तिकडे पाथर्डीच्या बाजूला काहीतरी असेल. दमयंती गव्हाचा चीक काढत होती. तिने वर आकाशाकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

६ मे, सकाळी
लख्ख ऊन! भूगोल जिंकला. दमयंती पहाटेच उठून चीक शिजवत होती. जयमालाताईंनी सोऱ्या फिरवला. गच्चीभर पांढऱ्याशुभ्र कुरडया. राखण माझ्याकडे. दमयंती म्हणाली, मी जरा पडते, आभाळ आलं तर हाक मारा. म्हटलं, येणारच नाही, पण बसतो. जेवण झालं की कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्या सहादेवला अंदाज खरा ठरल्याचं तेवढं सांगून येतो.

६ मे, संध्याकाळी
रसवंतीत आणखी चार जण होते, त्यामुळे विषय वाढला. आज थेंब पडणार नाही, हे मी सांगत असतानाच पत्र्यावर ताडताड सुरू झालं. शांतपणे खुलासा केला: स्थानिक सर. नगरचा पाऊस रस्त्याच्या या अंगाला पडतो, त्या अंगाला धूळ उडते. आमची गल्ली कोरडी असणार. सहादेव म्हणाला, "सर, लई जोर हाय. आदी घर बगा." मी आणखी एक ग्लास घेतला. गारा थांबल्यावर निघालो. आमच्या गल्लीतून घोटाभर पाणी वाहत होतं.

७ मे
दमयंती ओरडली नाही. ओरडते तेव्हा मला उत्तरं सुचतात. दोघांनी मिळून गच्चीवरचा लगदा खरवडला. जयमालाताईंच्या फोनने पावसाची सहा तारीखच सांगितली होती, पण तो योगायोग, असं मी म्हणून पाहिलं. पुन्हा गहू भिजवून, कुरडया घालून त्या वाळेपर्यंत रुचा विमानात असेल. ती म्हणाली, असू दे आई, तिकडे मिळतात. मिळत नाहीत. मला फार वाईट वाटलं.

१२ मे
रुचा गेली. बॅगेत जयमालाताईंकडच्या गेल्या वर्षीच्या कुरडया. तिला सोडून घरी आल्यावर शेवटी कबूल केलं, माझा अंदाज चुकला.
दमयंती म्हणाली, "अंदाज सगळ्यांचेच चुकतात हो. मी कुठे अंदाजावर झोपले होते? तुम्ही गच्चीवर आहात, म्हणून झोपले."
मग मी गच्चीवर जाऊन बराच वेळ बसलो. वर वाळत घातलेलं काहीच नव्हतं.