भिंतीवरच्या दोन ओळी

चिवुंगू मिशन,
नदीच्या अलीकडे, चिखलाच्या मधोमध

प्रिय मेहुणे योतामू म्सोवोया यांस,

चष्मा पुसून, पाठ ताठ करून तुमच्या दाजीचा मनःपूर्वक नमस्कार. तुमची प्रकृती कशी आहे? साखर कमी केलीत का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमच्या बहिणीचे गुडघे पावसाआधी दुखतात, पावसात दुखतात, आणि पाऊस थांबला की आठवणीनं दुखतात. तुम्ही शहरात ख्रिस्ती मंडळीच्या आरोग्य कचेरीत बसता आणि सगळ्या मिशन दवाखान्यांतल्या नर्सच्या बदल्या तुमच्या सहीनं होतात, हे मी इथं कुणालाही सांगत नाही (ज्यांना सांगितलं त्यांनी आपणहून विचारलं होतं). नदीपलीकडे दिलेली आपली लुसुंगु, माझी एकुलती नात, तिचे दिवस भरत आले आहेत. नदी चढण्याआधी अलीकडे येऊन राहा म्हणून मी तिला पद्यात पत्रं पाठवली. उत्तर नाही. तेवढी एक काळजी सोडली तर आनंद आहे. तोही नाही, पण तिकडे येतोच आहे.

योतामू, आपली शाळा आठवते का? निलगिरीच्या झाडाला टांगलेली गाडीच्या चाकाची कडी, ती वाजली की धुक्यातून धावणारे आपण, आणि गोऱ्या हेडमास्तरांनी पाठ करून घेतलेल्या त्या कविता. बर्फ मी जन्मात पाहिला नाही, पण बर्फावरच्या कविता अजून झोपेतसुद्धा न अडखळता म्हणतो (तुमची बहीण साक्षीदार आहे आणि वैतागलेली आहे). मास्तरकीतून मोकळा झाल्यावर मंडळीतला वडीलधारा म्हणून मला दवाखान्याचा व्हरांडा मिळाला. रोज सकाळी रांग सुरू होण्याआधी प्रार्थना व्हायची आणि प्रार्थनेनंतर चार शब्द मी बोलायचे. आपल्या दवाखान्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. पगार सरकारचा, छप्पर मंडळीचं, आणि औषधं कधी सरकारची, कधी परमेश्वराची मर्जी असेल तेव्हाची. पण ते चार शब्द संपूर्ण माझे होते. बायाबापड्या पोरांना पाठीशी बांधून बसायच्या, मागच्या चुलींचा धूर यायचा, आणि मी हिमवर्षाव सांगायचो. तापानं फणफणलेल्या माणसांना केवढा गारवा वाटत असेल. काहीजण झोपायचे. आजारी माणसाला झोपेहून चांगलं काय हवं?

आणि मग न्यालुहांगा बदलून आली. बाळंतपणाच्या खोलीची मुख्य नर्स. ही माझीच विद्यार्थिनी. सातवीत कवितेच्या पेपरात मी तिला तीस गुण दिले होते, तेही अक्षर बरं होतं म्हणून. तिनं आल्या आल्या चर्चच्या पाळकांना सांगितलं की व्हरांड्यातल्या बायकांना कामाचं काहीतरी ऐकवायला हवं, आणि दुसऱ्याच दिवशी माझी हिमवृष्टी अर्ध्यावर असताना कमरेला हात लावून गायला उभी राहिली. पावसाळ्यात नदी अडवते आणि बायका घरीच अडतात, म्हणून अंघोळी-धुण्याची बादली घेऊन वेळेआधी येऊन राहा, एवढाच मतलब. ते पद्य (मी पद्य म्हणतो, काव्य म्हणत नाही) असं:

महिना भरला, नदी भरली,
होडी नाही, वाट मेली.
आधीच ये गं, आधीच ये,
बादली घेऊन आधीच ये.

बादली, मेहुणे. काव्यात बादली. ‘आधीच ये’ तीनदा, त्यातले दोन मी शाळेत लाल पेन्सिलीनं उडवले असते. ‘भरली’ला ‘मेली’ हे यमक म्हणजे एका पायात बूट आणि एका पायात चप्पल. पण महिनाभरात सगळा मुलूख ते गाऊ लागला. बाजारात सुकी मासळी विकणारी बाई गाते. मिनीबसचा ड्रायव्हर गातो, जो जन्मात बाळंत होणार नाही. पलीकडच्या टेकडीवरच्या कॅथलिक सिस्टर्सनी ते आपल्या दवाखान्यात नेलं. एरवी त्या आपल्याकडून उसनी सुईसुद्धा घेत नाहीत, त्यांच्याकडे तर स्वतःची रुग्णवाहिका आहे. आणि तुमची सख्खी बहीण, जिच्यावर मी लग्नाआधी लांबलचक कविता केली होती, ती मका कांडताना मुसळ त्याच तालावर टाकते. मी एकदा सौम्यपणे हरकत घेतली. म्हणाली, “तुमच्या कवितेवर कांडायला बसले तर मक्याच्या पिठाची सिमा पुढच्या वर्षी शिजेल.”

हे सगळं मी गिळलं असतं. पण आता दवाखान्याच्या आवारात गरोदर बायांना वाट पाहत राहण्यासाठी नवं घर बांधून झालंय. विटा मंडळीच्या, पत्रे सरकारचे, आणि पाऊस उघडला की उद्घाटनाला तुमच्यासकट मोठी माणसं येणार आहेत. दर्शनी भिंतीवर दोन ओळी रंगवायच्या ठरल्या. भिंत, योतामू. माणूस जातो, भिंत राहते. मी पाळकांना म्हटलं, या मुलखात एकच कवी आहे आणि तो तुमच्यासमोर उभा आहे. ते भिडस्त. म्हणाले, दोघांनीही व्हरांड्यात म्हणून दाखवा, लोक ठरवतील.

मी सुटाला इस्त्री केली. माझी कविता एका आईवर होती. बाळाच्या ओढीनं घर सोडून ती या नव्या घराकडे निघते, इतका मंगल विषय. आवाज खर्जात लावून मी सुरू केलं:

माते, निघालीस अखेर तू दूरच्या वाटेला,
चूल निवाली मागे, चटई उभी भिंतीला,
शुभ्र घराचे दार त्या पलीकडे उघडे तुला...

पुढच्या बाकावरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “कोण गेली गं?” मी हात वर करून तिला गप्प केलं, कारण कवितेत मध्येच बोलू नये. तिला वाटलं, दुःखानं मास्तरांना बोलवत नाहीये. तिनं गळा काढला. एका म्हातारीनं गळा काढल्यावर आपल्याकडे दुसरी गप्प बसत नाही, हे तुम्ही जाणताच. सगळा व्हरांडा रडू लागला. मला वाटलं, कविता भिडली. (खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले. इतक्या वर्षांत असे श्रोते मला मिळाले नव्हते.) मी आणखी भावपूर्ण म्हणू लागलो. पुरुषांच्या खोलीतले आजारी सलाइनची बाटली हातात धरून बाहेर आले. शेतातल्या माणसांनी कुदळी टाकल्या आणि मुखियाचा माणूस कबर कुठं खणायची ते विचारायला आला. बायका मयतीच्या जेवणासाठी डोक्यावर पीठ आणि सरपण घेऊन आवारात शिरल्या. बाळंतपणाच्या खोलीतली एक बाई भिंतीला धरून दाराशी आली आणि आपणच गेलो की काय असं घाबऱ्या आवाजात विचारू लागली. तेवढ्यात कविता संपली.

मयतीचं पीठ कुणी घरी परत नेत नाही. ते तिथंच शिजवावं लागलं. सगळ्या दवाखान्यानं सिमा, घेवडा आणि भोपळ्याचा पाला असं भरपेट जेवण केलं. न्यालुहांगा ताटली घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “गुरुजी, मेलं कुणीच नाही, जेवण मात्र झकास झालं. परत कधी वाचताय?” आता मला एवढंच सांगा. ती धडधडीत ‘मेली’ म्हणते तेव्हा टाळ्या पडतात, आणि मी एकदाही ‘मेली’ न म्हणता खड्डा खणायला माणसं येतात, याला न्याय म्हणायचं का? भिंत अर्थातच तिला मिळाली, पहिल्या दोन ओळी रंगवूनही झाल्या. व्हरांडाही गेला. पाळक म्हणाले, “मास्तर, सकाळची थोडी विश्रांती घ्या.”

तूर्त थांबतो. वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
दाजी झाकेयो म्झुमारा

ता. क. एक सहज सुचलं. न्यालुहांगासारख्या गुणी बाईला चिवुंगू लहान पडतं. सरहद्दीजवळ, जिथं रस्ता संपतो, तिथं तुमचा एक दवाखाना आहे ना? तिथल्या बायकांनी तिच्या आवाजाला का मुकावं? सही लवकर करा. तिच्या जागी कुणीही चालेल, फक्त गाणारी नको.

ता. क. दुसरा. रस्ता वाहून गेल्यामुळे टपालाची गाडी निघाली नाही, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. लुसुंगु आली. डोक्यावर बादली, ओठांवर तेच पद्य. मी विचारलं, “माझी पत्रं मिळाली ना?” म्हणाली, “हो आजोबा, जपून ठेवलीत. वाचायची आहेत.” ती आली त्याच रात्री नदी चढली आणि होडी वाहून गेली. सकाळी मी काठावर जाऊन पाणी पाहून आलो. हिमवर्षावातलं काहीही आठवलं नाही. बदलीची सही तूर्त करू नका. केली असेल तर शाई सांडा.

ता. क. तिसरा. मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. न्यालुहांगा सगळी रात्र खोलीतून हलली नव्हती. सकाळी हात धुऊन ती थेट माझ्याकडे आली. म्हणाली, “गुरुजी, लुसुंगु म्हणते, बाळंतिणीच्या घरावर ‘मेली’ नको. दुसरा शब्द द्या.” मी डोळे मिटून विचार केल्यासारखं केलं (शब्द माझ्याकडे पहिल्या दिवसापासून तयार होता) आणि म्हटलं, “सरली.” नदी भरली, वाट सरली. ती दोनदा गुणगुणली आणि म्हणाली, “बसतंय की. आता मला किती गुण?” मी म्हटलं, “पस्तीस.” पास केलं.

तर खरं काम असं. रंगारी ऐकत नाही, त्याला कचेरीचा लेखी हुकूम हवा. ‘मेली’ पुसून ‘सरली’ करावं, असा कागद तेवढा धाडा. शब्द माझा आहे हे कुणाला सांगू नका, मला मिरवायचं नाही. उद्घाटनाच्या भाषणात तुम्हाला आपणहून आठवलं, तर गोष्ट वेगळी. मी पुढच्याच बाकावर असेन. सुटाला पुन्हा इस्त्री केली आहे.