जात्याच्या मापानं भिजवलेलं बी

३ ऑक्टो. ५४, चाकण
निघालो होतो नाशिकला, अजून इथंच. पारूमावशीच्या मळ्यात पाणी धरायचं, दोन वेळची भाकरी. मावशीचा नवरा गेला त्याला वर्ष होईल. त्यानं राखलेलं काटेरी वांग्याचं बी आता मूठभरच उरलंय. गेल्या साली पानांवर तपकिरी ठिपके आले, रोपं करपली, फळं झाडावर कुजली. रोग बियातच आहे म्हणतात.

५ ऑक्टो.
तळेगावच्या बाजारात गेलो. (कुस्त्या बघायला. झाल्याच नाहीत.) शेतीखात्याचा एकजण भेटला. म्हणाला, बी कढत पाण्यात अर्धा तास ठेवा, रोग मरतो, पण एकदाच, दुसऱ्यांदा बी टिकत नाही. पाण्याची उष्णता मोजायला पाऱ्याची नळी दिली, परत करायच्या बोलीवर. खुणेला दोरा बांधलाय. पारा वर गेला तर बी मेलं, खाली राहिला तर रोग जगला.
घरी येऊन मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "शिजवल्यालं बी कुटं उगवतंय व्हय?"
अर्धंच भिजवू म्हटलं. तर म्हणाली, उरलेल्या अर्ध्यातला रोग सगळ्यांनाच लागंल. सगळं घे.

८ ऑक्टो.
घड्याळ कुणाकडं नाही. शाळेला दसऱ्याची सुट्टी, घंटाही नाही. मावशी म्हणाली, शाळेच्या अर्ध्या तासाच्या मधल्या सुट्टीत घंटा ते घंटा माझा शेरभर जोंधळा दळून होतो. तेच माप धरू. जातं थांबलं की बी बाहेर.
नवऱ्याच्या धोतराचं फडकं फाडून तिनं बियाची पुरचुंडी बांधली, कढत पाण्यात सोडली. मी अंगणात चुलीपाशी, नजर पाऱ्यावर. पारा उतरला की तांब्याभर कढत पाणी. आत जात्यावरची ओवी. भावाची होती, ऐकत राहिलो.
जातं थांबलं. बी काढलं, गार पाण्यात बुडवलं, सावलीत पसरलं. आत गेलो तर जात्याच्या पलीकडं शेजारची गंगू, हाताचं पीठ झटकत.
"वांग्यास्नी न्हाऊ घातलंस, आता सवताचं बघ." हसली. मावशीला एकटीला खुंटा ओढवंना, म्हणून बसले म्हणाली.
मावशी हसली नाही. दोघींनी दळलेलं.
"लवकर झालं का रं?"
किती लवकर ते कळायला घड्याळ नाही, आणि बी पुन्हा बुडवायचं नाही.

१८ ऑक्टो.
वाफ्यात टाकलेलं बी उगवलं. बहुतेक सगळं. म्हणजे बी मेलं नाही. रोगाचं काय ते कळायचंय. मावशी वाफ्याशी बसून होती, जेवायलासुद्धा उठली नाही.

९ नोव्हें.
नाशिकचा ट्रक फाट्यावर थांबणार होता. पिशवी खांद्याला लावली आणि मावशीची हाक. एका रोपाच्या पानावर तपकिरी ठिपका.
"चिखलाचा शिंतोडा आसंल. न्हाई का?"
असेल म्हटलं. पुसून बघायला तिनं बोट लावलं नाही. मीही नाही.
ट्रक गेला. पिशवी अजून वाफ्यापाशीच आहे.