सातवं रीळ

उस्ताद, पत्र लिहायला उशीर झाला, माफ करा. तुम्हाला जाऊन वीस वर्षं तरी झाली असतील, नक्की आकडा सुनेला विचारावा लागेल. या पत्रातली माफी एवढीच. मागायची पाळी तुमची होती आणि तुम्ही ती न मागताच गेलात. तुमच्या मयतीला मी आलो नव्हतो. घरीच होतो, तब्येतही चांगली होती.

गेल्या महिन्यात सून मला डॉक्टरकडे घेऊन गेली. दोनदा गॅस चालू ठेवून मी बाहेर जाऊन बसलो होतो, आणि तेरला बहिणीकडं जायला निघून तुळजापूरच्या गाडीत चढलो होतो. डॉक्टर वयानं लहान. त्यानं विचारलं, "बाबा, आपण आत्ता कोणत्या गावात आहोत?" मी म्हणालो, "उस्मानाबाद." त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. सून हळूच म्हणाली, "मामा, धाराशिव म्हणा." आता सांगा, जन्मभर जे म्हणत आलो ते तोंडात आलं, यात विसरलो काय? मी तसं त्याला म्हणालोसुद्धा. तो हसला. मग त्यानं तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं परत विचारले. एक सांगता आला, कुलूप. बाकीचे दोन मी अजून शोधतोय.

तेव्हापासून नात मला शेजारी बसवून मोबाईलवर सिनेमे दाखवते. तिला विज्ञानाचे सिनेमे आवडतात. त्यात सारखा कुणीतरी सगळं विसरलेला असतो. त्याला खुर्चीत बांधतात, डोक्यावर टोपी ठेवतात, निळा उजेड पडतो आणि झालं.

"आजोबा, याची सगळी मेमरी पुसली."

"पुसली तर गाडी कशी चालवतोय?"

"ते वेगळं असतं."

"आणि एवढी मारामारी? आपल्याला तर चप्पल कुठं सोडली ते आठवंना."

"आजोबा, गप बघा की!"

मी बघतो, पण मला राग येतो. ज्यांनी हे सिनेमे काढले त्यांच्या घरात कुणी विसरायला लागलेलं नसणार. तिथं विसरणं एका झटक्यात होतं आणि वायर जोडली की परत भरता येतं. माझं तसं नाही. कडेची भोकं फाटलेली फिल्म मशीनमधून जाताना पडद्यावरचं चित्र जसं उडी मारतं, तसं होतं. माणूस दारात उभा असतो, एकदम खाटेवर बसलेला दिसतो. मधलं कुठं गेलं ते कळत नाही. फिल्म जोडायला तुम्हीच शिकवलं मला, थेटरात तुमच्या हाताखाली मशीनवर होतो तेव्हा. पात्यानं खरवडायचं, सोल्युशन लावायचं, दाबून धरायचं. तेवढं हात अजून विसरले नाहीत. तुमचे उपकार मोजायचे तर एवढेच.

आणि ते सिनेमे बघताना मला आपलं सातवं रीळ आठवतं. तो रविवार होता, बाजाराचा दिवस. तीनच्या खेळाला निम्मं थेटर तेरकडचं, कारण खेळ सुटला की त्यांना सव्वासहाची एसटी मिळायची. सिनेमा विलायती, हिंदीत बोलणारा, आणि त्याचा तो पहिलाच खेळ; रिळं सकाळी तुम्ही एकट्यानं तपासली होती. त्यातही एका माणसाची आठवण मशीननं पुसतात. मध्येच लाईट गेली आणि वीस मिनिटं वाया गेली. अशा वेळी आपण काय करायचो ते गावाला ठाऊक नव्हतं, आपल्या दोघांना होतं. गाडी चुकू नये म्हणून एक रीळ गाळायचं. गाणं गाळायचं नाही, मारामारी गाळायची नाही, नुसती बडबड असेल ते गाळायचं. कोणतं गाळायचं ते तुम्ही ठरवायचे. त्या दिवशी सातवं गेलं. सहाव्यात तो माणूस बायकोला ओळखत नव्हता, आणि आठव्याच्या सुरुवातीला तिचा हात धरून घराच्या पायऱ्या चढत होता. खाली लोक ओरडायला लागले. "अरे, ह्याला आठवलं कवा?" खुर्च्या आपटल्या. मालक धापा टाकत वर आले. तुम्ही माझ्याकडं बोट केलं आणि म्हणालात, "ह्यो रीळ लावायला विसरला, मालक. डोक्यात भुसा भरलाय नुसता."

मी पंचवीस वर्षांचा बाप्या होतो, माझं लग्न झालेलं होतं. मालकांनी मला तिथूनच कायमचं घरी पाठवलं. तेव्हापासून मी गावात 'सात नंबर'. चहाच्या हॉटेलात बसलो की, "काय सात नंबर, आज बायकोला स्टँडावर इसरून आलाव का?" पुढं पिठाची गिरणी चालवली, तरी नाव तेच. आता खरंच विसरायला लागलोय तर म्हातारे दोस्त म्हणतात, "ह्यात नवीन काय? हे पहिल्यापास्नं असंच हाय." माझ्या आजाराचासुद्धा तुम्ही आधीच निकाल लावून ठेवलात.

परवा मी नातीला त्या सिनेमाची गोष्ट सांगितली. पत्र्याची टोपी, पिवळ्या झग्यातली बायको, शेवटी घराच्या पायऱ्या. पोरीनं शोधून काढला. सातवं रीळ मी या वयात पहिल्यांदा बघितलं. त्यात त्याला काहीही आठवत नाही. बायको समोर बसून लग्नापासूनचं सगळं सांगते, तो ऐकतो. शेवटी म्हणतो, मला यातलं काही आठवत नाही, पण तू सांगत राहा. एवढंच. मग उठतो आणि तिच्याबरोबर घरी जातो. याला तुम्ही बडबड म्हणालात. गाव विचारत होतं कधी आठवलं, आणि उत्तर डब्यात पडून होतं.

तुमच्यावरचा राग मी इतकी वर्षं सांभाळला, कारण माझ्याकडं त्या दुपारचं एक पक्कं चित्र होतं. तुम्ही खिडकीतून खाली बघताय, मागं न वळता म्हणताय, "सात सोड, गाडी जाईल." मशीनच्या दिव्यातल्या कार्बनचा धूर, तुमची मळकी बंडी, सगळं दिसतं. पण रीळ बघितल्यापासून दुसरंही एक चित्र यायला लागलंय. त्यात तुम्ही खोलीत नाही, चहाला खाली गेलेले आहात. मी एकटा आहे, घाईत आहे आणि सातव्याच्या जागी आठवा डबा उघडतोय. दोन्ही चित्रं सारखीच स्वच्छ आहेत. कुठलं खरं ते मला सांगता येत नाही, आणि त्या खोलीत आपल्या दोघांशिवाय तिसरं कुणी नव्हतं.

ही दुसऱ्या चित्राची गोष्ट मी डॉक्टरला सांगितली नाही, सुनेला नाही, नातीलाही नाही. हा कागद कुठं टाकायचा तेही मला माहीत नाही, गादीखालीच राहील. पण तुम्ही 'सात सोड' म्हणाला होतात की नाही, तेवढं कळवा. म्हणाला होतात असंच कळवा. आणि लवकर कळवा उस्ताद, अजून तुमच्यावर कशासाठी रागावलोय ते मला आठवतंय.