फुटक्या बांगड्यांची खिडकी

इंदूर, शुक्रवार, ८ फेब्रुवारी १९६३

उद्या आमच्या चित्रशाळेचं प्रदर्शन. शहरातल्या कचऱ्यातून उपयोगाची वस्तू करा, असं मीच मुलींना सांगितलं होतं. सुधाने मल्हारगंजातल्या चूडीवाल्याकडून फुटक्या बांगड्यांचे तुकडे आणले आणि एका जुन्या, सुट्या खिडकीच्या तावदानावर ओळींनी चिकटवले. बहुतेक हिरवे. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या जोशीबाई पाहताच म्हणाल्या, "फुटक्या बांगड्या? अहो, बायका दारातूनच परत जातील. काढा ते!"

सुधा म्हणाली, "बाई, चूडीवाले भिया तर हे नालीत टाकत होते. कचऱ्याला कसला आलाय अपशकुन?"

मी तिलाच दटावलं. जोशीबाईंना म्हटलं, ठेवायची की काढायची ते उद्या सांगते. का? एरवी मला ठरवायला वेळ लागत नाही.

सगळ्या गेल्यावर उन्हात टेकवून ठेवलेल्या त्या खिडकीपाशी उभी राहिले. ऊन उतरत होतं. हिरवा उजेड भिंतीवरून पाण्यासारखा हलत हलत माझ्या हातावर आला. हे गेले त्या दिवसापासून मनगट मोकळंच आहे. त्यावर हिरव्या रेघा, एकीखाली एक... किती वेळ हात तसाच धरला होता, कोण जाणे. ऊन गेलं तशा रेघा आपोआप गेल्या. कोणी फोडल्या नाहीत.

खिडकी दारासमोरच लावायची. जोशीबाईंना सकाळी सांगेन.