बसायला मनाई नाही

१२ जून

प्रिय गुंड्या,

आशीर्वाद घे, रुसवा मागाहून चालू ठेव. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं मी ऐकत नाही.

बातमी अशी की आपला धंदा ज्यांनी विकत घेतला, त्या शेठनी मला नोटीस धाडली आहे. विक्रीच्या करारात लिहिलंय ना, की पाच वर्षं आपण दोघांनी या गावात लोकांची भाड्याची घरं सांभाळायची नाहीत? ते कलम मी मोडलं म्हणे! अरे, मी फक्त बसले होते.

पद्धत तूच पाडलेली. नवा भाडेकरू आला की पहिल्या दिवशी आपल्यापैकी एकाने संध्याकाळपर्यंत तिथे बसायचं. नळ, दिवे, कड्या त्याच्यासमोर चालवून बघायच्या. शेठनी किल्ल्या घेतल्या, पाटी घेतली, घरमालक घेतले. बसणं तेवढं घेतलं नाही. त्यांच्याकडून माणूस येत नाही, तक्रार क्रमांक येतो. मग नव्या भाडेकरू मास्तरीणबाईंकडे मीच गेले. मोरीतून पाणी उलटं येत होतं. आपल्या जुन्या प्लंबरला बोलावलं, झालं. मग अशीच आणखी तीन घरं झाली.

नोटिशीवरून दोन्हीकडचे वकील घेऊन बसलो, तेव्हा त्यांच्या वकिलाने डोळे वटारले. "तिथे काय करत होता?"

"बसले होते."

"चार-चार घरांत?"

"पाय दुखतात हो माझे."

आपले वकीलसाहेब खोकल्याआड हसत होते.

शेठ आता वैतागलेत. म्हणतात, त्या इमारतींत पाऊल टाकणार नाही असं लिहून द्या, नाहीतर सौदा रद्द करून धंदा परत घ्या. त्यांना वाटलं, मी घाबरेन. मी! पैसे परत द्यावे लागतील, पण विक्रीतल्या माझ्या वाट्याला मी हातही लावलेला नाही. तुझ्या वाट्याचं सावकाश बघू. पण रद्दच्या कागदावर दोघांच्या सह्या लागतात.

खरं सांगू? आपलं पटेना, एकमेकांसाठी वाटा सोडायला कुणी तयार होईना, म्हणून आपण तिसऱ्याला विकून मोकळे झालो. मी काही मोकळी झाले नाही. त्या घरांत नळ सोडला की वाटतं, आता तू आतून ओरडशील, "ताई, गरम येतंय!" करमत नाही रे तुझ्याशिवाय.

भावजयबाईंकडून कळलं, रविवारी तुम्ही नव्या भाड्याच्या घरात जाताय. मी येतेय. माझी सही असलेला रद्दचा कागद पिशवीत असेल. सही करायची की नाही ते तुझं तू ठरव. पण पहिला दिवस आहे, कुणीतरी बसायला हवं. दार उघडलंस तर नळ बघू. नाही उघडलंस तर मी जिन्यात बसेन.

संध्याकाळपर्यंत तुझीच,
ताई