न बघता केलेली सही

३ तारीख, सोमवार
आलो एकदाचा! छोटी स्वतः न्यायला आली होती. वैमानिकाच्या गणवेशात तिची ऐट अशी, की दोन्ही बॅगा मलाच उचलाव्या लागल्या. धाकटी बहीण इथे मुरलेली आणि थोरला भाऊ नवशिका, म्हणजे आता घरीदारी तिचंच राज्य.

जागा झकास आहे. एक धावपट्टी, पत्र्याचं हँगर आणि एकच छोटं विमान. दूरच्या वस्त्यांवरून आजाऱ्यांना घेऊन यायचं हे त्याचं काम. छोटी ते उडवते, त्याचं इंजिन मी तपासायचं. माझ्या आधीचे तपासनीस, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, महिनाभर रुग्णालयात पडून आहेत.

इथली एक जुनी पद्धत मला आवडली. खिळ्याला इंजिनचं पुठ्ठ्याचं कार्ड टांगलेलं असतं. तपासणाऱ्याने त्यावर लाल शाईने सही केली की इंजिन ठीक. ती सही त्यानेच खोडायची, नाहीतर नव्या माणसाने तिच्यावर आपली करायची.

४ तारीख
नीट तपासायचं म्हणजे ऑइलचा फिल्टर कापून उलगडायचा आणि घड्यांत धातूचा कीस सापडतो का ते बघायचं. कीस म्हणजे इंजिन आतून झिजतंय. मी करवत हातात घेतली आणि इथले मुकादम धावत आले. लांबच्या वस्तीवर एक बाई अडली होती आणि मास्तरांच्या सहीची मुदत आजच संपत होती. इंजिन चालू करून ऐकलं. शिवणयंत्रासारखा गोड आवाज. माझ्या कानांवर माझा भारी विश्वास. विमान परत आल्यावर फिल्टर कापू म्हटलं आणि सही ठोकून दिली.

छोटी आई आणि बाळ, दोघांनाही सुखरूप घेऊन आली. संध्याकाळी आम्ही तिघं, म्हणजे मुकादमही, पोट धरून हसलो. कशावर, ते आता आठवत नाही.

५ तारीख
फिल्टर कापला. आत काही नाही. एक कणसुद्धा नाही.

इतकं जुनं इंजिन थोडंतरी झिजतंच. सहाही सिलिंडरचा दाब तंतोतंत सारखा, ऑइल थेंबभरही कमी नाही. मुकादम म्हणाले, निरोगी माणसातही रोग शोधणारा पहिलाच डॉक्टर बघितला. मी हसलो, पण मला ते इंजिन आवडलं नाही.

८ तारीख
अंगात कणकण. घशाला सारखी कोरड, तांब्यामागून तांब्या रिचवतोय. छोटीला म्हटलं, तुझं विमान ऑइल पीत नाही, तुझा दादाच पितो. ती हसली नाही. माझे हात थरथरत होते, तिकडे बघत राहिली.

गंमत अशी, की विमान जमिनीवर असलं की मला बरं असतं.

१० तारीख
सकाळी विमान वर गेलं आणि खोकल्याची उबळ आली. रुमालावर राखाडी काहीतरी चकाकलं. माझ्या पेटीत चुंबक असतो, कीस लोखंडाचा आहे का ते बघायला. सहज म्हणून रुमालाजवळ नेला.

रुमाल उचलला गेला.

भीती वाटते. लिहून ठेवतो, कारण छोटीला सांगायचं धाडस नाही.

११ तारीख, सकाळ
मास्तरांना भेटून आलो. मरणाच्या दारातला माणूस बघायच्या तयारीने गेलो होतो. ते खिडकीत बसून पोटभर जेवत होते. गाल वर आलेले. नर्स म्हणाली, चार तारखेपासून चमत्कारच झालाय.

मला बघून त्यांनी ताट बाजूला सारलं आणि रडायला लागले. म्हणाले, त्यांनीही एकदा घाईत न बघता सही केली होती. न बघता ठीक म्हटलं की इंजिन ठीकच राहतं, झीज सही करणाऱ्याला लागते. सही खोडली की सगळी झीज परत इंजिनात. सही करणारा मेला तरी तेच. तीस वर्षांत एकही इंजिन नापास केलं नव्हतं, तो लौकिक सोडवला नाही, म्हणून ते नव्या माणसाची वाट बघत पडून राहिले.

मी त्यांना शिवी दिली. मग आठवलं, फिल्टर न कापता सही मीच केली होती.

दुपार, सव्वातीन
हँगरमध्ये पोचलो. कार्ड काढलं, लाल पेन उघडलं.

विमान जागेवर नाही. मुकादम म्हणाले, तातडीचा निरोप आला, छोटी अर्ध्या तासापूर्वीच गेली. सोबत दोन आजारी माणसं येणार. परत यायला पावणेपाच.

पेन बंद केलं.

चार वाजता
मुकादमांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि डॉक्टरला आणायला गाडी काढली. बिनतारीवरून छोटीला लवकर उतर म्हटलं, तर मध्ये सगळा डोंगर आहे म्हणाली. आवाज खुशीत होता. दादा, इंजिन काय सुरेख चाललंय म्हणाली.

छातीत खडखड. डावा हात गार.

साडेचार
मला फक्त तेवढा वेळ जगायचंय. चाकं टेकली की सही खोडायची. तोवर नाही. तोवर मरायचंही नाही—

ठोके मोजतोय. लिहीत राहिलो तर शुद्ध राहते—

चार चाळीस
आवाज आला. पश्चिमेकडून. तोच, शिवणयंत्राचा—
दिसली. पंख सरळ. छोटी नेहमी अशीच येते, घाई नाही काही नाही—

तोंडात लोखंडाची चव
वहीवर कीस पडतोय, झटकतो तर—

कुंपणाच्या आत आली. अजून वर आहे. दोन झाडांएवढी—

एक ठोका चुकला.
वर इंजिनही अडखळलं—

छोटी, मी धरलंय. तू फक्त खाली— अजून थोडं— चाकं अजून टेक