तिसऱ्या सिलिंडरची चौकशी

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. तुमची तब्येत बरी आहे असं धरून चालते. बरी नसती तर कळवायला चार वर्षं होती तुमच्याकडे. गुडघ्यांचं काय केलंत? जिना चढता येतो का? (उत्तराची गरज नाही, तुमची बायको मला फोनवर सगळं सांगते. पण पत्रात विचारायची पद्धत आहे.) आमच्याकडे मी ठणठणीत. तुमच्या दादांच्या हाताचा कंप उजव्याकडून डाव्याकडे आला आहे. गोळ्या वाढवल्या आहेत. चहा अर्धा कपच देते, म्हणजे सांडला तरी अर्धाच सांडतो. शर्टाची बटणं मी लावते, आणि तेवढा वेळ आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघतो.

आता मुद्द्याचं. गाडी विकायची ठरली. हो, तीच, लाल, दोन दारांची, जिच्यात बसताना गुडघे हनुवटीला लावावे लागतात आणि उतरताना कुणीतरी ओढून काढावं लागतं. तिला तुम्ही दोघा भावांनी घरच्या घरी टर्बो बसवलात, तेव्हा तो टर्बो तीन आठवडे माझ्या जेवणाच्या टेबलावर होता आणि आम्ही माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो, हे मी विसरलेले नाही. तुमचा वादही मला पाठ आहे. तुम्ही म्हणायचात, आधी पिस्टन बदलू, कंप्रेशन उतरवू, मग वाटेल तेवढा बूस्ट द्या. दादा म्हणायचे, कंपनीचं कंप्रेशन आहे तेच राहू दे, बूस्ट बेताचा ठेवू, गाडी रोज सकाळी सुरू झाली पाहिजे. (टर्बो हवा कोंबतो, त्या कोंबण्याच्या जोराला बूस्ट म्हणतात, आणि पिस्टन ती हवा आवळतो, एवढं मलाही कळत होतं. आधीच ज्याचं पोट तुडुंब आहे त्याला आग्रह करून वाढू नये, यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही.) शेवटी दादांचं चाललं. आणि पहिल्याच मोठ्या चढावर, तुम्ही चालवत असताना, तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वितळला.

गाडी टेम्पोवर चढून घरी आली, ती संध्याकाळ आठवते ना? दादा फाटकातूनच ओरडत आले की यानं बूस्ट वाढवला. तुम्ही परोपरीनं सांगत होतात की मी हात लावला नाही, बूस्टचा काटा आपोआप वर गेला, मी लगेच पाय काढला. मी दारात उभी होते. मीही म्हणाले, "भाऊजी, केलं असेल तर केलं म्हणा आणि मोकळे व्हा." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, हात धुतलेत, आणि टॉवेल न घेता ओल्या हातांनी निघून गेलात. त्यानंतर ना तुम्ही आलात, ना यांनी बोलावलं. गाडीवर आच्छादन पडलं.

गेल्या गुरुवारी घेणाऱ्याचा मिस्त्री आला. फार बोलका माणूस. नवी बॅटरी लावून, एकेका सिलिंडरला गेज जोडून त्यानं कंप्रेशन मोजलं. पहिल्यात एकशे ऐंशी, दुसऱ्यात एकशे पंच्याहत्तर, चौथ्यात पुन्हा एकशे ऐंशी. तिसऱ्यात वीस. "तिसऱ्याचं मला माहीत आहे," दादा म्हणाले, घरातल्या वाया गेलेल्या माणसाबद्दल बोलतात त्या सुरात. मग मिस्त्री डॅशबोर्डखाली शिरला आणि आतूनच म्हणाला, "बाई, ही बूस्ट वाढवायची खुंटी पार शेवटपर्यंत आवळलीय की! शर्यतीतला माणूसही एवढी आवळत नाही. कुणी केला हा शहाणपणा?"

मी वाकून पाहिलं. रबरी नळी, तिच्यावर पितळी खुंटी. भाऊजी, ती खुंटी मी ओळखली. तुम्ही गाडी घेऊन निघालात त्या सकाळी मी गाडी आतून पुसून देत होते, तेव्हा ती सैल लोंबताना दिसली. वॉर्डात तीस वर्षं मेट्रन म्हणून काढलेल्या बाईला नळीवर सैल खुंटी दिसली तर ती काय करेल? घट्ट केली. फिरायची थांबेपर्यंत केली. वर पुन्हा एकदा तपासून पाहिली. 'तुमच्या कामात फार ढिलाई आहे' असं दादांना सुनावायचंही ठरवलं होतं. नेमकं तेवढंच राहून गेलं. आयुष्यात एकदा बोलणं गिळलं, आणि तेही चुकीच्या दिवशी.

माफी मागायचा मला सराव नाही, म्हणून थोडक्यात. तुम्ही खोटं बोलला नव्हता. मी तुम्हाला खोटं पाडलं. चूक माझी होती. गाडी शनिवारी भंगाराच्या भावात जाईल. उत्तर पाठवू नये.

तुमची,
वहिनी

ता. क. वरचं लिहून झाल्यावर गॅरेजात जाऊन दादांना सगळं सांगितलं. वॉर्डातली चूक मोठ्या डॉक्टरांना सांगावी तसं, हात मागे बांधून. ते स्टुलावर बसून होते. म्हणाले, "ठाऊक आहे." कधीपासून? तर दुसऱ्या दिवसापासून! "धाकट्यानं चोरून अर्धा फेरा दिला असता. शेवटपर्यंत आवळणारं माणूस या घरात एकच आहे." मग बोलला का नाहीत, असं मी जरा मोठ्यानंच विचारलं. त्यांनी हात मांडीखाली दाबून घेतले. मग म्हणाले, "आधी तुला सांगायला भ्यालो. मग त्याला सांगायला लाजलो. मग दिवस गेले." माणसं मला घाबरतात याला मी आजवर शिस्त समजत होते.

ता. क. दुसरा. गाडी विकायची नाही. घेणाऱ्याला मी नाही म्हणून कळवलं. कमी कंप्रेशनचे चार पिस्टन मागवले आहेत, तुम्ही म्हणायचात तेच. पिस्टनवर बसते त्या रिंगच्या दोन टोकांमध्ये केसाएवढी फट राखून घासावं लागतं म्हणे; ते काम आता यांच्या हातांना जमणार नाही. हे सांगतील, तुम्ही हात चालवा. यांनी बोलावलेलं नाही, मी बोलावते आहे. रविवारी या, आणि वाद घालायच्या तयारीनं या. कंपाच्या या आजारात पुढे आवाजही बारीक होत जातो, मी वॉर्डात पुष्कळ पाहिलं आहे. यांचा अजून फाटकापर्यंत पोचतो. माफी मागण्यापुरता तो शिल्लक आहे तोवर या.